नावडती कुणी पळवली?

डोळे मिटा पाहू. छे, नका मिटू. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा.

एक लांबट खोली आहे. दोन्ही बाजूंना छताला टेकलेली पुस्तकांची कपाटं. एरवी मधोमध वाचायची टेबलं असतात, पण आज ती भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या आहेत. समोर छोटंसं व्यासपीठ. त्यावर एक गुबगुबीत आरामखुर्ची आहे आणि तिच्यात, एखाद्या पाहुण्यासारखं, एक पुस्तक ऐटीत बसलं आहे. शेजारी एक लंगडं स्टूल. स्टुलावरही पुस्तकाएवढं काहीतरी आहे, पण त्याच्यावर काळं कापड टाकलं आहे. खोलीत चिटपाखरू नाही.

आता खरं सांगा, तुम्ही ते कापड उचलून बघितलं असतंत की नाही?

शंकेनेही तेच केलं.

काळ्या कापडाखाली

शंका हे काही तिचं खरं नाव नव्हे. दिवसभर "पण का?" आणि "पण कसं?" असं विचारून ती मोठ्यांचं डोकं खायची, म्हणून घरात सगळे तिला शंका म्हणायचे. तिची मावशी या वाचनालयाची ग्रंथपाल होती, आणि सुट्टीच्या दिवशी शंकेचा मुक्काम मावशीच्या मागेपुढे.

आजचा दिवस मोठा होता. संध्याकाळी वाचनालयात अंधारबुवा येणार होते. हे नाव वाचकांनीच ठेवलेलं. बुवा भयकथा लिहायचे, आणि अशा लिहायचे की वाचणारा माणूस रात्री पाणी प्यायलाही उठत नसे. त्यांच्या चाहत्यांनी एक मंडळ काढलं होतं, घाबरट मंडळ. ज्याला भीती वाटत नाही त्याला मंडळात प्रवेश नाही, एवढा एकच नियम.

हे घाबरट लोक दर वर्षी बुवांच्या कादंबऱ्यांवर मतं द्यायचे. गोष्टीतल्या राजाला जशा दोन राण्या असतात, तशा बुवांच्याही दोन ठरायच्या: एक आवडती, एक नावडती. आवडतीला आरामखुर्ची, नावडतीला लंगडं स्टूल. मग बुवा स्वतः यायचे, नावडतीच्या स्टुलावर बसून वाचकांची बोलणी खायचे आणि वर हसायचे.

यंदा आवडती ठरली होती 'भिंतीमागचा खोकला'. आणि नावडती? तीच, गेली कित्येक वर्षं ठरते ती. तिचं नाव 'मोजू नका'.

'मोजू नका'मध्ये एक घर आहे. त्या घरात कुणी काही मोजलं, की मोजलेल्यातलं एक नाहीसं होतं. चमचे मोजले तर चमचा जातो. जेवायला बसलेली मुलं मोजली तर... जाऊ द्या. ही कादंबरी छापताना बुवांनी एक गंमत केली होती. पुस्तकात एकाही पानावर आकडा नव्हता. प्रकरणांनाही नव्हता. वाचणाऱ्याने चुकूनसुद्धा मोजू नये म्हणून!

यंदा बुवांनी निरोप धाडला होता, "या खेपेला नावडतीचं शेवटचं प्रकरण मी स्वतः वाचून दाखवणार. त्यानंतर मला खुशाल फाडून खा." त्यासाठी वाचनालयाची प्रत लागणार होती, कारण दुसरी कुठे उरलीच नव्हती. छापणारा छापखाना केव्हाच बंद पडला होता आणि बुवांच्या घरची प्रत वाळवीने फस्त केली होती.

आणि आता शंकेने कापड उचललं होतं.

खाली पुस्तक नव्हतंच. पुस्तकाच्याच मापाच्या दोन गुळगुळीत फळ्या एकावर एक ठेवून सुतळीने बांधल्या होत्या.

"मावशी!" शंका ओरडली. "मावशी, नावडती पळाली!"

किल्ल्या

मावशी रडणाऱ्यातली नव्हती. तिने फळ्या पाहिल्या, स्टुलाखाली पाहिलं, मग सरळ असलेल्या खुर्च्या पुन्हा सरळ करायला लागली. मावशी असं करायला लागली की समजावं, तिच्या तोंडचं पाणी पळालंय.

"सकाळी मीच ठेवलं होतं गं, या हातांनी," ती म्हणाली. "जेवणाआधी पुढचं दार आतून बंद केलं. किल्ल्या माझ्या कमरेला."

"मग आत कोण होतं?"

"आपण दोघी. शिंपीकाका पडदा लावत होते. डॉक्टरबाई कागदाची वटवाघळं कापत बसल्या होत्या. आणि मागच्या खोलीत तुझा मामा. जेवायला म्हणून काकांना आणि बाईंना मीच बाहेर सोडलं, आणि मीच परत आत घेतलं; आत्ता ते पुढच्या दालनात आहेत."

"म्हणजे चोर बाहेरचा नाही."

"चोर चोर काय करतेस! सगळी आपलीच माणसं." मावशीने एक खुर्ची उगाच इंचभर सरकवली. "पण ऐक. त्या पुस्तकाची दुसरी प्रत नाही. ते माझ्या ताब्यात होतं. बुवा यायच्या आत सापडलं नाही, तर मी सगळ्यांसमोर या किल्ल्या टेबलावर ठेवणार आणि घरी जाणार. उद्यापासून दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं."

शंकेला एकदम गलबलून आलं. या किल्ल्यांचा आवाज ऐकतच ती वाचायला शिकली होती. मावशीच्या कमरेला किल्ल्या नाहीत, ही कल्पनाच तिला करवेना. तुम्हाला तरी करवते का?

तिने फळ्या उचलल्या आणि खिडकीशी नेल्या. एका फळीच्या कडेला काहीतरी पांढरं वाळलेलं होतं, नखाएवढं.

"मावशी, तू काही कुणाला सांगू नकोस. मी बघते."

"तू?"

"मग कोण? तू तर खुर्च्या सरळ करतेयस."

बंद दार

मामा पुस्तकं बांधायचा. फाटकी, उसवलेली, पाठ मोडलेली पुस्तकं त्याच्याकडे जायची आणि धडधाकट होऊन परत यायची. वाचनालयाच्या मागच्या खोलीतच त्याचं टेबल, खाट, दाबयंत्र, सुया आणि खळीचं भांडं. मोठा प्रेमळ माणूस, पण भित्रा. बुवांची सगळी पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली होती, पण एकही त्याने वाचलं नव्हतं. "मी भुतं बांधतो, वाचत नाही," असं तो अभिमानाने सांगायचा.

आज त्याचं दार आतून बंद होतं. शंकेने टकटक केलं.

आत काहीतरी धपकन पडलं. मग मामाचा आवाज, अगदी हळू, "कोण आहे?"

"मी. शंका."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? अरे मामा, मीच आहे!"

"आवाज काय, कुणीही काढेल," मामा पुटपुटला. "दाराखालून बोट दाखव बघू."

शंकेला वाटलं, मामाने नवा खेळ काढला. तिने वाकून दाराच्या फटीतून बोट आत सरकवलं. आतून सुटकेचा सुस्कारा आला.

"हं. तूच आहेस. काय गं?"

"दार उघड ना."

"नको, नको. पोट बिघडलंय. पडून राहिलोय. बुवा यायला अवकाश आहे ना अजून? भरपूर अवकाश आहे ना?"

"आहे थोडा. तू जेवलास का?"

"भूक नाही. जा तू. आणि... ताईला सांग, स्टुलावरचं कापड बुवा येईपर्यंत कुणी हलवू नका. धूळ बसते."

शंका निघाली. दोन पावलं गेली आणि थबकली. पडून राहिलेल्या माणसाचा आवाज खाटेकडून यायला हवा होता; तो टेबलाकडून आला होता. पण आजारी माणूस टेबलाशी बसू नये असा काही कायदा नाही, असं म्हणून ती पुढे झाली.

टेपवाल्याचा राग

शिंपीकाका मंडळाचे अध्यक्ष होते. गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं दातांतल्या दातांत. ते पडद्याच्या खालच्या कडेवर खडूने पांढरी रेघ मारत होते.

"काका, 'मोजू नका' तुम्हाला एवढी का आवडत नाही हो?"

काकांनी टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणजे विषय गंभीर होता.

"मला विचारतेस? मी शिंपी! मोजू नका म्हणे! लोकांना विजारी काय अंदाजाने शिवून देऊ?"

"पण ते सोडून?"

"ते सोडून काय, तिला ना शेंडा ना बुडखा! ती म्हातारी आहे ना घरातली, ती अर्ध्यात मरते. चांगली जिवाला चटका लावून मरते, मी डोळे पुसले. पान उलटलं, तर बाई खुशाल चहा पितेय! भूत झाली म्हणावं, तर चहात साखर मागतेय! एका पानावर वाक्य सुरू होतं, दुसऱ्यावर भलतंच संपतं. लोक म्हणतात नवी शैली. मी म्हणतो, बुवांना लिहिताना झोप लागली होती."

"मग पुढे?"

"पुढे कोण जातंय? दिलं मिटून. अगं, त्या पुस्तकातला पाण्याचा डागसुद्धा धड नाही."

"डाग?"

"टाकी फुटली होती ना वरची, तेव्हा भिजलेलं पुस्तक ते. सुरुवातीला हा एवढा, बशीएवढा डाग. मग एकदम बोराएवढा. पुढे परत वाटीएवढा! डाग कसा, हळूहळू कमी व्हावा. इथे तोही भुताटकी करतोय." काकांनी टाचण्या पुन्हा तोंडात कोंबल्या. "माझ्या हातात असतं तर ते पुस्तक मी विहिरीत टाकलं असतं."

शंकेने त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून लाकडी फळ्या डोकावत होत्या: बाह्यांना इस्त्री करताना आत घालतात तसल्या, गुळगुळीत.

आणि काकांची बोटं खडूने पांढरी झाली होती.

एकटी चाहती

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. रस्त्यापलीकडे त्यांचा दवाखाना. लोक म्हणायचे, यांना भुतांची भीती कशी वाटेल, यांनाच तर सगळे भितात! पण बाई मंडळाच्या जुन्या सभासद. आणि सगळ्या गावात 'मोजू नका'ला आवडती म्हणणारं एकच मत पडायचं, ते त्यांचं.

"दर वर्षी त्या स्टुलावर तिला बसवतात ना, माझ्या पोटात तुटतं," त्या वटवाघळाचा पंख कापत म्हणाल्या. त्यांच्या बाहीवर पांढरे ठिपके होते. कवळीचं माप घेताना वापरतात त्या प्लास्टरचे. "आज सकाळीसुद्धा तुझ्या शिंपीकाकांशी कडाक्याचं भांडण झालं. म्हणतात कसे, म्हातारी अर्ध्यात मरते! अरे, म्हातारी शेवटाजवळ मरते. सगळ्या मुलांना वाचवून मग मरते. पुस्तक वाचलंय का झोपा काढल्यात?"

"मग काय झालं?"

"होणार काय? मी म्हटलं शेवटी, ते म्हणतात अर्ध्यात. आमचा आवाज एवढा चढला, की स्टुलाचा पाय ठोकत बसलेल्या तुझ्या मामाने हातोडा स्वतःच्याच बोटावर मारून घेतला. पांढराफटक पडला बिचारा. जागचा उठला आणि आत गेला."

शंकेच्या डोक्यात काहीतरी टुणकन उडालं, पण हाती लागलं नाही.

"डॉक्टरबाई, तुम्ही ती कादंबरी कधी वाचली होती?"

"ती नवी कोरी आली तेव्हा. टाकी फुटायच्या आधी. नंतर हातात घेतली नाही. गरजच काय, पाठ आहे मला! ते दाराचं प्रकरण तर मी अजून विसरले नाही." बाईंनी कात्री खाली ठेवली आणि आवाज खोल केला. "त्या घराच्या दाराशी रात्री कुणीतरी येतं. कुणाचाही आवाज काढतं. आईचा, भावाचा, हुबेहूब! मग म्हातारी काय करते माहीत आहे? दार उघडत नाही. आतून म्हणते..."

"काय म्हणते?"

"म्हणते, 'दाराखालून बोट दाखव.'"

शंकेच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भुताच्या भीतीने नव्हे.

थेंबभर पाणी

ती धावत खिडकीशी गेली. फळ्या तिथेच होत्या. मावशी खुर्च्या संपवून आता कपाटातली पुस्तकं सरळ करत होती.

"मावशी, तांब्यातलं थेंबभर पाणी दे."

"आता काय?"

"बघ ना! हे पांढरं काय असेल? काकांचा खडू असेल, नाहीतर डॉक्टरबाईंचं प्लास्टर, नाहीतर तिसरंच काहीतरी." शंकेने त्यावर कोरडं बोट घासलं. "खडू असता तर बोटाला पूड लागली असती. नाही लागली." मग तिने पाण्याचा थेंब सोडला आणि थोडं थांबली. मुलांनो, थांबणं हा तपासातला सगळ्यात अवघड भाग असतो. "प्लास्टर असतं तर टणकच राहिलं असतं. आता तू हात लाव."

मावशीने बोट टेकवलं. बोट चिकटलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा चिकटलं.

"खळ," मावशी म्हणाली. पुस्तकं बांधणाऱ्याची ती बहीण. तिला निराळं सांगावं लागलं नाही. "या फळ्या दाबयंत्रातल्या. पण तो कशाला घेईल? ज्याने भुताचं एक पान कधी वाचलं नाही..."

"वाचलंय! आत्ता वाचतोय. मला म्हणाला, दाराखालून बोट दाखव. हे पुस्तकातल्या म्हातारीचं वाक्य आहे, आणि काकांनी तर पुस्तक अर्ध्यातच मिटलं, त्यांना ते प्रकरण माहीतही नाही. ज्याने पुस्तक वाचलंय त्यालाच हे सुचणार."

"अगं, पण का?"

एरवी हा प्रश्न शंका विचारायची. आज तिला विचारला गेला होता, आणि तिच्याकडे उत्तर होतं.

"डॉक्टरबाईंनी टाकी फुटायच्या आधी वाचली, त्यांना ती आवडली. ज्यांनी नंतर वाचली त्यांना ना शेंडा ना बुडखा. मधे काय झालं? पुस्तक भिजलं. आणि भिजलेलं पुस्तक कुणी सोडवलं, वाळवलं, परत बांधलं?"

मावशी मटकन खुर्चीत बसली. सरळ केलेल्याच.

भुताच्या तावडीत मामा

या वेळी शंकेने टकटक केलं आणि कुणी विचारायच्या आधीच दाराखालून बोट सरकवलं. शेजारी मावशीनेही सरकवलं.

"दोन बोटं?" आतून किंकाळी आली.

"दुसरं माझं आहे, खुळ्या!" मावशी म्हणाली. "उघड दार."

मामा खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता, जमिनीला काही लागायला नको म्हणून. एका बोटाला चिंधी बांधलेली. टेबलावर खळीचं भांडं वाफाळत होतं आणि त्याच्याभोवती 'मोजू नका' पसरली होती, सुटी सुटी. पुस्तक म्हणजे काही एकेकट्या पानांची चळत नसते. मोठमोठे कागद दुमडून पातळ पातळ जुड्या करतात, अशा एका जुडीला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकापुढे एक शिवले की पुस्तक होतं. नावडतीचे सगळे फर्मे उसवून पडले होते.

"ताई, रागावू नकोस," मामा म्हणाला. "तेव्हा फर्मे दोरीवर वाळत घातले होते. वारा आला आणि सगळे खाली. एरवी आकडे बघून लावतो मी. इथे आकडेच नाहीत! पहिला कळला, त्यावर नाव होतं. शेवटचा कळला, त्यावर 'समाप्त' होतं. मधले वाचून लावायला हवे होते. पण भुताचं पुस्तक... मला धीर झाला नाही गं. लावले अंदाजाने. कुणी तक्रारही केली नाही! म्हटलं, बरोबर लागले असतील."

"तक्रार बुवांची झाली," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं."

"आज सकाळी त्या दोघांचं भांडण ऐकलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आज बुवा ते उघडून वाचणार! म्हटलं, गुपचूप नीट लावावं आणि कापडाखाली परत ठेवावं. कुणाला पत्ता लागू नये." तो कपाळ पुसत शंकेकडे वळला. "पण लागतच नाहीत! एक फर्मा वाचतो, घाबरतो, खुर्चीवर चढतो. आणि मग पुढचं काय झालं ते कळल्याशिवाय राहवत नाही. काय लिहिलंय गं त्या माणसाने!"

"तुझ्या ताईने बुवांपुढे किल्ल्या ठेवायचं ठरवलंय," शंका म्हणाली. "तू सांगितलं का नाहीस?"

"किल्ल्या?" मामाचे पाय खाली आले. भूतबित सगळं विसरून तो ताडकन उभा राहिला. "ताई, वेडी आहेस का? मला वाटलं, कुणाला कळलंच नाहीये! चल, आत्ता सगळ्यांना सांगतो."

"सांगशील," मावशी म्हणाली, "पण पुस्तक असं विस्कटलेलं घेऊन जाऊन काय उपयोग? हे वाचून लावायचं तर सबंध रात्र जाईल."

पुढच्या दारावर थाप पडली. बाहेर माणसं जमू लागली होती.

डागाची गोष्ट

शंका टेबलाकडे बघत राहिली. कुठूनही सुरुवात करा, पानं मुकीच होती. मग तिला शिंपीकाकांचं वाक्य आठवलं. डाग कसा, हळूहळू कमी व्हावा.

"मामा," ती सावकाश म्हणाली, "टाकी फुटली तेव्हा हे पुस्तक कसं पडलं होतं?"

"आडवं. टेबलावर. पाणी वरून मुखपृष्ठावर ठिबकत होतं."

"म्हणजे पहिल्या पानांत पाणी जास्त मुरलं. खाली खाली कमी. तेव्हा पुस्तक नीट लागलेलं होतं ना? तू सोडवायच्या आधी?"

मामाने मान डोलावली आणि जवळचा फर्मा उचलला.

"मग वाचतोस कशाला? डाग बघ! मोठ्या डागाचा फर्मा आधी, लहान डागाचा नंतर."

"आणि मी तेव्हा कपाळ धरून बसलो होतो, की हा मेला डाग जाईल कसा," मामा म्हणाला. "जाईल कसा, एवढंच बघत होतो. डागाकडे बघितलंच नाही!"

तिघांनी मिळून फर्मे लावायला घेतले. बशीएवढा डाग, त्याखाली जरासा लहान, त्याखाली वाटीएवढा, मग रुपयाएवढा, मग बोराएवढा, मग नुसती पिवळट छाया. शंकेने एका फर्म्याचं शेवटचं वाक्य वाचलं, मावशीने पुढच्याचं पहिलं. वाक्यं एकमेकांत अशी बसली, जशी कुलपात किल्ली.

डॉक्टरबाईंना आत बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्या पानं चाळली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच माझी म्हातारी."

बुवा

अंधारबुवा आले. लोकांना वाटतं, भयकथा लिहिणारा माणूस उंच आणि खोल डोळ्यांचा असणार. बुवा ठेंगणे, गोल, आणि जिना चढून धापा टाकत होते. ते नेहमीप्रमाणे लंगड्या स्टुलाकडे निघाले, तोच मामा पुढे झाला. हातात सुतळीने बांधलेले फर्मे.

मामाने सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर, काही न लपवता. खाली बघून नाही, बुवांकडे बघून. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि पडलीच, शिंपीकाकांच्या तोंडातून.

"म्हणजे," बुवा हळूच म्हणाले, "म्हातारी मेल्यावर चहा पीत नाही?"

"नाही बुवा."

"इतकी वर्षं हे मला सांगतात, म्हातारी मेल्यावर चहा पिते. मला वाटायचं, असेल बुवा, लिहिलं असेल मी, उतारवयात आठवत नाही!" आणि बुवा स्टुलावर टेकून हसायला लागले. इतके हसले की लंगडं स्टूल डुगडुगायला लागलं. "अहो, मी तर ही कादंबरी पुन्हा छापू नका म्हणून आज सांगणार होतो!"

मग त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. म्हातारी दाराशी बसते. पहाट व्हायला आली आहे. बाहेर शेवटचा आवाज येतो, आणि तो तिचा स्वतःचाच असतो. ती वाकून बघते. दाराखालून बोट आत येतं...

पुढचं इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की वाचून झालं तेव्हा शिंपीकाका टेपच्या टोकाने डोळे पुसत होते.

"पुन्हा मतं घ्या!" ते उभं राहून ओरडले. "ज्यांना ही आवडती वाटते त्यांनी हात वर करा!"

भराभर हात वर झाले. खोलीभर नुसते हात.

"मोजा," मावशी म्हणाली.

कुणी पुढे येईना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामाने तर वर केलेला हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"राहू दे," शिंपीकाका घसा खाकरून म्हणाले. "अंदाजाने पुरे आहेत."

आपण होऊन त्यांनी 'मोजू नका' उचलली आणि आरामखुर्चीत 'खोकल्या'शेजारी सरकवून बसवली. मावशीच्या कमरेला किल्ल्या खुळखुळल्या. ती हसत होती.

सगळे गेल्यावर मागच्या खोलीत दिवा लागला. मामाने फर्मे सारखे करून पाठ वर करून उभे धरले आणि सुईत दोरा ओवला. शेजारच्या खुर्चीत बुवा चहा पीत बसले होते.

"शंके, शिवायच्या आधी पेन्सिलीने बारीक आकडे घाल बघू प्रत्येक फर्म्यावर," मामा म्हणाला. "पुन्हा उसवलं तर ही भानगड नको."

शंकेने पेन्सिल घेतली. टोक काढलं. पहिल्या फर्म्याच्या कोपऱ्यात ती टेकवणार, तेवढ्यात तिने बुवांकडे पाहिलं. बुवांचा कप ओठांशीच थांबला होता. आकडे घातले की ती 'मोजू नका' राहणार नव्हती. न घातले, तर पुढच्या वाऱ्याला पुन्हा तेच.

तिने पेन्सिल उचलली. डागाचा विचार केला. एकही आकडा न सांगता सगळं सांगणाऱ्या डागाचा. मग तिने फर्म्यांच्या दुमडलेल्या पाठी घट्ट दाबून धरल्या, आणि त्या सगळ्यांवरून, पहिल्याच्या वरच्या टोकापासून शेवटच्याच्या खालच्या टोकापर्यंत, एकच तिरपी रेघ ओढली. एक फर्मा जरी जागचा हलला, तरी रेघ तुटलेली दिसणार होती.